लाल गाडीची थरथर

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कडीना गावात माणसाला टोपणनाव ठेवतात ते उलटं ठेवतात. तांबड्या केसांचा असेल तर त्याला निळ्या म्हणायचं, ताडमाड उंच असेल तर बुटक्या, आणि डोक्यावर औषधालाही केस उरला नसेल तर झिपऱ्या. असं का, हे कुणाला सांगता येत नाही, आणि विचारायला जावं तर आपल्यालाच एखादं नाव चिकटायची भीती. क्लेम पेंगेली विशीत होता तेव्हा फुटबॉल क्लबात बिअरचे काठोकाठ भरलेले आठ ग्लास दोन हातांत धरून गर्दीतून वाट काढत यायचा आणि वरचा फेससुद्धा हलायचा नाही. तेव्हापासून तो थरथऱ्या झाला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, इथे सगळंच उलट होतं. नाव कथलाचं आणि हात सोन्याचे. त्या हातांवर त्याने जन्मभर गॅरेज चालवलं.

गॅरेज म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेफाट्याजवळची पत्र्याची शेड. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापायची, आणि बार्लीची काढणी सुरू झाली की दाराच्या फटीतून भुसा आत यायचा. क्लेमकडे गाडीला जोडायचं यंत्र होतं, त्याच्याशी त्याचं वैरही नव्हतं, पण शेवटचा शब्द यंत्राचा नसे. त्याची रीत ठरलेली होती. इंजिन चालू करून तो स्वतः गाडीत बसायचा, ब्रेकवर पाय दाबून धरायचा, उजव्या हाताचा तळवा स्टिअरिंगवर अलगद टेकवायचा आणि डोळे मिटायचा. जरा वेळाने म्हणायचा, "पुढचं डावं माउंटिंग गेलंय," आणि ते खरोखर गेलेलं असायचं. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तसंच बसायचं. हाताने हो म्हटल्याशिवाय गाडी दाराबाहेर पडायची नाही. एखादा मालक घायकुतीला येऊन म्हणाला, "अरे झाली की चांगली, दे आता," तर क्लेम म्हणायचा, "तुझ्या हाताला कुणी विचारलंय?" लोक हे बोलणं परगावच्या पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगायचे. दुसऱ्याच्या हाताला कधी विचारायचं नाही, हा नियम त्याच्या अंगवळणी पडला होता.

गेल्या ईस्टरपासून मात्र गाड्यांना काय झालं होतं कोण जाणे. येईल ती गाडी थरथरत होती.

पहिल्यांदा एका शेतकऱ्याच्या उघड्या हौद्याच्या गाडीत त्याला बारीक थरथर लागली. शेतकरी आला होता नुसतं तेल बदलायला. क्लेमने इंजिनाची माउंटिंग, म्हणजे त्याच्याखालचे रबरी आधार, बदलून दिली, पदरचे भाग घालून, कारण तक्रार मालकाची नव्हतीच. शेतकरी म्हणाला, "मला तर काही जाणवत नव्हतं बाबा, पण तू म्हणतोस तर असेल." मग चर्चच्या पाद्र्यांच्या छोट्या गाडीत तेच. मग त्याच्या स्वतःच्या गाडीत तेच. क्लेमने पेट्रोलला शिव्या दिल्या, हल्लीच्या टायरांना दिल्या, पंचायतीने दुरुस्त न केलेल्या खडीच्या रस्त्याला दिल्या. शिव्या द्यायला जागा भरपूर होती.

पण एक जागा तो टाळत होता. हिवाळ्यात एका संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल बघत बसला असताना खुर्चीच्या हातावर ठेवलेला त्याचा उजवा हात आपोआप हलायला लागला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, तंबाखू मळावी तसे. तो बघत राहिला. मग त्याने हात उचलून मांडीखाली दाबला आणि त्याच्यावर बसला. दुसऱ्या दिवशी गॅरेजात पान्हा हातात घेतला तर हात दगडासारखा स्थिर. काम करताना काही नाही, रिकामा ठेवला की सुरू. क्लेमने स्वतःची समजूत घातली की हात रिकामा ठेवायचाच नाही. डॉक्टरकडे जायचा विचार मनात येई, पण उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून तो पुढे ढकली. हात गेला तर क्लेमकडे दुसरं काय उरणार होतं? त्याला ना बागकाम येत होतं, ना मासे धरायची हौस होती. ही भीती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नाही.

अशात, ऐन उन्हाळ्यात, रोझलिन हॉकिंग तिची लाल गाडी घेऊन आली.

रोझलिन मुख्य रस्त्यावर केस कापायचं दुकान चालवायची. शाळेत ती क्लेमच्या वर्गात होती, आणि त्याचे केसही तीच कापायची. नवरा वारल्यावर वर्षभर ती गप्प होती. मग एक दिवस अॅडलेडला गेली आणि येताना लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार घेऊन आली. डाव्या गुडघ्याने क्लच दाबवत नाही म्हणून ऑटोमॅटिक घेतली. गावाला वर्षभराची करमणूक झाली. हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळायच्या बोलिंगच्या क्लबातला मर्व तिला भर रस्त्यात म्हणाला होता, "स्पोर्ट्स कार आणि ऑटोमॅटिक? म्हणजे शर्यतीचा घोडा घ्यायचा आणि त्याच्यावर गड्याला बसवायचं!"

"गुडघा माझा, घोडा माझा," रोझलिन म्हणाली होती. "तुझं पोट का दुखतंय?"

तर ती गॅरेजात आली, गाडीतून कण्हत बाहेर पडली आणि म्हणाली, "थरथऱ्या, ही थरथरतेय बघ."

"कधी?"

"उभी असली की. पाय ब्रेकवर, गिअर टाकलेला, आणि चाक हातात असं गुणगुणतं. एसी लावला की जास्तच. पळायला लागली की काही नाही."

क्लेम आत बसला. बसला म्हणजे जवळजवळ आडवाच झाला, इतकी ती सीट खोल होती. त्याने गिअर टाकला, ब्रेक दाबला, तळवा चाकावर टेकवला आणि डोळे मिटले. थरथर होती. स्पष्ट होती.

त्याला इतका आनंद झाला की त्याने डोळे उघडायलाही वेळ लावला. ईस्टरनंतर पहिल्यांदा दुसरं कुणीतरी आपणहून येऊन सांगत होतं की गाडी थरथरतेय. त्याच्या हाताला जे लागत होतं ते तिच्याही हाताला लागत होतं. म्हणजे हात खोटं बोलत नव्हता! ही एक गाडी त्याने दुरुस्त केली, आणि दुरुस्तीनंतर तळव्याखाली सगळं शांत झालं, की झालं. मग मांडीखाली हात दाबून बसायचं कारण नाही. पाद्र्यांची गाडी काय, शेतकऱ्याची काय, त्याही थरथरतच असतील, लोकांना कळत नसेल इतकंच. गाडीत दोष निघाला तर अंगात नाही, असा सरळ हिशेब त्याने मांडला.

"ठेवून जा," तो म्हणाला. "माझी गाडी ने तोवर."

"तुझ्या गाडीत कुत्र्याचा वास येतो."

"मग कुत्रा आठवून चालव. जा."

बॉनेट उघडल्यावर त्याला दोष शोधायला फारसं लांब जावंच लागलं नाही. इंजिनाच्या तोंडाशी एक लांबलचक पट्टा असतो. तो एकटा चार-पाच चाकांना गुंडाळून फिरतो, आणि एसी, बॅटरीचं चार्जिंग, पाण्याचा पंप सगळं त्याच्यावर चालतं. या गाडीचा पट्टा जुना होता, खाचा धुळीने भरलेल्या आणि आतून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. पट्ट्याला ताणून धरणारा स्प्रिंगचा दांडा तर इंजिन चालू असताना कुत्र्याच्या शेपटीसारखा हलत होता. एसी लावला की त्याची फडफड आणखी वाढायची. रोझलिनने सांगितलं होतं ते शब्दाशब्दाने जुळत होतं. क्लेम शीळ घालत कामाला लागला. त्याला शीळ घालताना कुणी ऐकलं नव्हतं बरेच महिने.

पट्टा नवा आला, त्याने तो चढवला. गाडीत बसला, तळवा टेकवला. थरथर होती.

ठीक आहे, नुसत्या पट्ट्याने काय होणार, दांडा सैल आहेच. तोही नवा मागवला. जुना दांडा काढून हातात घेतला तर त्याच्या चाकाचं बेअरिंग खडखडत होतं, म्हणजे रोग इथेच होता. नवा बसवला. आता इंजिनावर वाकून बघितलं तर पट्टा एका रेषेत, ओढ्याच्या पाण्यासारखा चालला होता. दांडा जागचा हलत नव्हता. क्लेमने हात पुसले, आत बसला, डोळे मिटले.

थरथर होती. पूर्वीइतकीच.

त्या दिवशी तो जेवायला घरी गेला नाही. शेडमध्येच बसून राहिला. डोळ्यांना दिसतं ते एक आणि हाताला लागतं ते दुसरं, आणि त्याने जन्मभर विश्वास ठेवला होता तो हातावर. दुसरा कुणी असता तर मालकिणीला फोन करून म्हणाला असता, जरा येऊन बसून बघ गं. क्लेमला ते सुचलंच नाही असं नाही. सुचलं, आणि त्याने ते लगेच बाजूला सारलं. तिने बसून काही वेगळंच सांगितलं तर?

शनिवारी तो क्लबात गेला. बोलिंगच्या हिरवळीवर खेळ संपला होता आणि मंडळी सावलीत बिअर घेऊन बसली होती. क्लेमने मनाशी बरंच घोळवून ठेवलं होतं. चेष्टेच्या सुरात बोलून टाकावं, कुणी गांभीर्याने घेतलंच तर पुढचं बोलावं. त्याने ग्लास डाव्या हातात धरला होता, उजवा खिशात होता.

"काय सांगू तुम्हाला," तो म्हणाला, "हल्ली माझा हात थरथरतोय."

क्षणभर सगळे त्याच्याकडे बघत राहिले आणि मग जो हशा उसळला तो पलीकडच्या टेबलापर्यंत गेला. मर्वला तर ठसका लागला.

"ऐका रे ऐका! थरथऱ्याचा हात थरथरतोय!"

"उद्या बुटक्या म्हणेल माझी उंची कमी झाली!"

"आणि झिपऱ्याला कंगवा द्या कुणीतरी!"

झिपऱ्याने आपल्या चकचकीत टकलावरून काल्पनिक केस मागे सारले आणि पुन्हा हशा झाला. क्लेमही हसला. न हसून करतो काय? ते वाईट लोक नव्हते. यातल्या प्रत्येकाने त्याच्या आईच्या शवपेटीला खांदा दिला होता. पण ज्या गावाने त्याला हे नाव दिलं होतं त्या गावात आता त्याला हे एक वाक्य खरं म्हणून बोलता येणार नव्हतं, आणि हे त्याला तिथल्या तिथे कळलं. त्याने ग्लास संपवला आणि सगळ्यांच्या आधी उठला. मर्व मागून ओरडला, "सांभाळून जा रे, सांडशील!"

सोमवारपासून तो त्या गाडीवर तुटून पडला. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचं पुढचं चाक काढलं. त्याच्या आत रबराची कडी असते, ती सुटली तर इंजिन थरथरतं. कडी चांगली होती, तरी त्याने चाक बदललं. इंजिनाची माउंटिंग तपासली, ती नव्यासारखी होती. मग त्याने शेवटची परीक्षा घेतली. पट्टा पुरता काढून टाकला आणि इंजिन थोडा वेळ तसंच चालवलं. पट्टाच नसेल तर पट्ट्याची थरथर येणार कुठून? अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त असं चालवता येत नाही, पंप फिरत नसल्याने इंजिन तापतं. क्लेमला तेवढंही लागलं नाही. तळवा टेकवला आणि थरथर तिथेच, त्याची वाट बघत बसल्यासारखी.

म्हणजे पट्टा नाही. चाकं नाहीत. माउंटिंग नाहीत. मग उरला काय? गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला भोपळ्याएवढा भाग असतो, तो बिघडला तर गाडी ब्रेकवर उभी असताना अशी थरथरते. क्लेमने पट्टा परत चढवला आणि गाडी वर उचलायची तयारी केली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे हाडं मोडायचं काम, या वयात एकट्याने तर वेडेपणाच. आणि मनाच्या अगदी तळाशी त्याला माहीत होतं की हा गिअरबॉक्स ठणठणीत आहे. तरी तो उतरवणार होता. गाडीत शोधायला अजून जागा शिल्लक आहे तोवर दुसरीकडे बघावं लागत नव्हतं.

तेवढ्यात रोझलिन आली. हातात कागदाच्या पिशवीत दोन गरम पेस्टी होत्या, तिच्या शेजारच्या बेकरीतल्या, करंजीसारख्या, आत बटाटा आणि सलगम भरलेल्या.

"ही लाच आहे," ती म्हणाली. "मला माझी गाडी पाहिजे. तुझ्या गाडीत बसून बसून माझ्या गिऱ्हाइकांना वाटायला लागलंय मी कुत्रा पाळलाय."

"झाली नाही अजून."

"काय काय केलंस?"

त्याने सांगितलं. ऐकता ऐकता ती गाडीच्या दाराशी गेली, वाकली, उसासा टाकून आत शिरली आणि त्याने नको म्हणायच्या आत तिने गाडी चालू केली. ब्रेक दाबून गिअर टाकला. एसी लावला. दोन्ही हात चाकावर ठेवले.

"अरे! गेली की!"

क्लेमने हातातला पान्हा खाली ठेवला.

"थरथऱ्या, गेली! लोण्यासारखी चाललीय. कधी केलीस? आणि मग मला झुलवत काय बसलायस इतके दिवस?"

"गेली नाही."

"अरे मी बसलेय ना आत!"

"तुला कळत नाहीये. आहे ती. बारीक आहे. गिअरबॉक्समधून येतेय."

रोझलिनने पुन्हा हात चाकावर ठेवले, अगदी डोळे मिटून, त्याची नक्कल करत. मग तिने मान हलवली. "माझे हात पण काही कमी नाहीत बरं का. जन्मभर कात्री धरलीय मी, लोकांच्या कानांजवळ. काही नाहीये इथे."

क्लेमला राग आला. गेल्या कित्येक महिन्यांचा साठलेला राग होता तो. "थांब, दाखवतो," तो म्हणाला आणि खिशातून पन्नास सेंटचं नाणं काढलं. हे नाणं बाराकोनी असल्याने काठावर उभं राहतं. त्याच्या उस्तादाने त्याला उमेदवारीत शिकवलेली युक्ती होती ती. चालू इंजिनावर सपाट जागा बघून नाणं उभं करायचं. उभं राहिलं तर इंजिन निरोगी, पडलं तर कुठेतरी दुखणं आहे. या गाडीवर त्याने ते कालच करून बघितलं होतं आणि नाणं पडलं होतं. एकदा नाही, दर वेळी.

"आता बघ," तो म्हणाला. त्याने नाणं अंगठ्यात आणि बोटात धरून इंजिनावर टेकवलं. क्षणभर थांबला, हळूच बोटं सोडायला लागला. नाणं पडलं.

"बघितलंस? पुन्हा बघ."

पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत खाली गेलं आणि रोझलिनने बाहेर येऊन ते उचललं. ती आता नाण्याकडे बघत नव्हती. कारखान्यातली मशीन बघावी तशी ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

"सरक," ती म्हणाली.

तिने नाणं इंजिनावर ठेवलं आणि हात काढून घेतला. इंजिन चालू होतं, एसी चालू होता, पट्टा फिरत होता, आणि नाणं उभं होतं. दोघंही बघत राहिले. कितीतरी वेळ उभं होतं. शेवटी रोझलिननेच जाऊन इंजिन बंद केलं, आणि बंद होताना जो हिसका बसतो त्याने ते पडलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती क्लेमची. फरक इतकाच की कळसा काखेत आहे हे त्याला आधीच माहीत होतं, आणि त्याने वळसा मुद्दाम घातला होता. शेडमध्ये पत्रा तापून कडकडत होता. त्याने उजवा हात खिशात घालायला नेला, पण रोझलिनने मनगट धरलं. तिच्या मुठीतही तो हलतच होता.

"कधीपासून?"

"क्लबात सांगितलं होतं मी," क्लेम म्हणाला. "हसले सगळे."

"हसणारच. नावच तसं पाडलंय मेल्यांनी." ती म्हणाली. "माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. बसले की अंगठा चालायचा. काम करताना काही नाही."

"मग?"

रोझलिनला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्या क्षणी यायला हवं होतं असं तिला फार वाटलं. "अॅडलेडला नेलं होतं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडे दिवस बरं वाटलं."

"काम किती वर्षं करत होते त्यानंतर?"

"क्लेम, प्रत्येकाचं वेगळं असतं रे."

तो थरथऱ्या झाल्यापासून तिने त्याला पहिल्यांदा त्याच्या नावाने हाक मारली होती. त्याला आणखी काही विचारायचं राहिलं नाही. त्याने पेस्टीची पिशवी उचलून तिच्याकडे दिली, मग स्वतःची काढून घ्यायची राहिली म्हणून परत घेतली. पेस्टी गार झाल्या होत्या. दोघांनी उभ्या उभ्या खाल्ल्या, कारण आणलेल्या होत्या. खाताना क्लेमच्या डोक्यात गाड्या येत होत्या. पाद्र्यांची, शेतकऱ्याची, शाळेतल्या एका बाईंची. किती धडधाकट गाड्या त्याने ईस्टरपासून उघडल्या होत्या, आणि किती लोक त्याला धन्यवाद देऊन गेले होते. यापुढे कुणी ब्रेक दुरुस्त करायला गाडी आणली तर काय सांगायचं? हाताने हो म्हटल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, आणि हात तर आता जन्मभर नाहीच म्हणणार.

"ने गाडी," तो म्हणाला. "चांगली आहे ती."

"डॉक्टरकडे मी येते तुझ्याबरोबर. हिच्यातून जाऊ."

"बघू."

"बघू नाही. गुरुवारी दुकान बंद असतं माझं."

"बघू म्हटलं ना, रोझ."

लाल गाडी गेली. शेडच्या दारात उभं राहून त्याने तिचा आवाज वळणापर्यंत ऐकला. आवाजात कसलीही खोट नव्हती, चांगलं काम झालं होतं. त्याने हत्यारं जागच्या जागी ठेवली, दार ओढून घेतलं आणि भर दुपारी घरी निघाला.

घरी नोला स्वयंपाकघरात होती. लग्नाच्या आधीपासून तिने त्याला कधी थरथऱ्या म्हटलं नव्हतं, तिला ते नाव आवडतच नसे. भर दुपारी तो घरी आलेला बघून तिने किटली ठेवली. क्लेम टेबलाशी बसला. आता हात मांडीखाली घालायचं कारण नव्हतं, म्हणून त्याने तो टेबलावर ठेवला, तिच्यासमोर. अंगठा चालू होता. नोलाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा किटलीकडे वळली.

"रोझची गाडी झाली का?" तिने विचारलं.

"झाली."

"काय होतं?"

"पट्टा. आणि तो ताणणारा दांडा. ते तर केव्हाच झालं होतं."

तिने चहा ओतला आणि कप त्याच्यासमोर ठेवला. क्लेमने कपात बघितलं. कप अर्धाच भरलेला होता. समोर तिचा कप काठोकाठ भरलेला होता. त्याला आठवायला लागलं. काल अर्धाच होता. परवाही. नाताळात पाहुणे आले होते तेव्हा सगळ्यांचे भरलेले होते आणि त्याचा अर्धा होता, आणि तो मनात म्हणाला होता की ही आता चहातसुद्धा काटकसर करायला लागली. तो मागून घ्यायचा, ती पुन्हा अर्धा द्यायची. सूपही ती हल्ली खोलगट वाडग्यातून द्यायची, ताटलीतून नाही.

"कधीपासून कळलं होतं तुला?"

नोलाने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"मागच्या हिवाळ्यापासून," ती म्हणाली. "तुला झोप लागेपर्यंत पलंग हलतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू गाडीत शोधत होतास ना," नोला म्हणाली. "मला वाटलं, तिथेच सापडली तर बरं होईल."

क्लेमने कपाकडे हात नेला. चहा अर्धाच होता, तरी त्याने तो दोन्ही हातांनी धरला.